राजवट बदलली, मग जुन्या गुन्ह्यांचं काय? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हुकूमशाही किंवा लष्करी राजवट जाते, निवडणूक होते, नवं सरकार येतं. आधीच्यांनी केलेले खून, छळ, बेपत्ता केलेली माणसं यांचा हिशेब कसा करायचा, यावर वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. क्रम सोप्याकडून अडचणीच्या प्रश्नांकडे आहे. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘संक्रमणकालीन न्याय’ म्हणजे काय? नेहमीच्या न्यायापेक्षा तो वेगळा का?

एरवी गुन्हेगार एकीकडे आणि पोलीस, न्यायालय, सरकार दुसरीकडे असतं. इथे गुन्हा करणारे पोलीसच असतात, पुरावा त्यांच्याच कपाटात असतो आणि तेव्हा तक्रार फेटाळणारा न्यायाधीश अजून त्याच खुर्चीत बसलेला असतो. त्यामुळे नुसत्या खटल्यांवर भागत नाही. खटले, सत्यशोधन आयोग, पीडितांना भरपाई, सुरक्षा दलांची छाननी, फायली खुल्या करणं, या सगळ्याला मिळून हे नाव आहे. ते रूढ झालं १९९०च्या दशकात, पण काम त्याआधीपासून चालू होतं. ग्रीसनं १९७५ मध्येच आपल्या लष्करी राजवटीच्या म्होरक्यांना न्यायालयात उभं केलं होतं.

२. लोकशाही आली ना? मग सरळ खटले भरायचे, त्यात एवढं अवघड काय आहे?

निवडणूक जिंकली म्हणजे बंदूक हातात आली असं होत नाही. चिलीत मार्च १९९० मध्ये पात्रिसियो आयल्विन राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा सरसेनापती कोण होते? ज्यांची हुकूमशाही नुकतीच गेली होती ते ऑगस्तो पिनोशेच. त्या पदावर ते मार्च १९९८ पर्यंत राहिले आणि तिथून थेट तहहयात सिनेटर झाले.

अर्जेंटिनानं धाडस केलं. डिसेंबर १९८३ मध्ये राऊल आल्फोन्सिन सत्तेवर आले आणि १९८५ मध्ये आधी एकामागून एक सत्तेत असलेल्या तिन्ही लष्करी मंडळांचे नऊ सेनाधिकारी मुलकी न्यायालयासमोर उभे राहिले. आठशेच्या वर साक्षीदार तपासले गेले. पाच जण दोषी ठरले. त्यांतल्या व्हिडेला आणि मासेरा यांना जन्मठेप झाली. पण खटले खालच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचू लागले तशी बराकीत कुजबुज सुरू झाली. सरकारनं १९८६च्या अखेरीस नव्या तक्रारींना साठ दिवसांची मुदत घालणारा कायदा केला. १९८७ च्या ईस्टरला लष्करी बंड झालं आणि काही आठवड्यांत ‘हुकमाचे ताबेदार’ म्हणून खालच्या अधिकाऱ्यांना सोडून देणारा दुसरा कायदा आला. पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी, कार्लोस मेनेम यांनी, १९९० पर्यंत सेनापतींनाही माफ करून टाकलं.

गोष्ट इथे संपली असती तर ‘खटल्यांच्या वाटेला जाऊ नका’ असाच धडा निघाला असता. ती संपली नाही. पुढचं प्रश्न ७ मध्ये.

३. मग नव्या सरकारनं पहिल्या वर्षात नेमकं काय करावं?

पुरावा वाचवावा. माझ्या मते सर्वांत आधी हेच, आणि सर्वांत जास्त हयगयही इथेच होते. खटला दहा-वीस वर्षांनी भरता येतो. जाळलेली फाईल परत येत नाही.

पूर्व जर्मनीत हे सामान्य नागरिकांनी ओळखलं. गुप्त पोलिसांच्या, म्हणजे श्टाझीच्या, इमारतींतून कागद जाळल्याचा धूर दिसू लागला तेव्हा डिसेंबर १९८९ मध्ये एर्फुर्टच्या लोकांनी तिथलं कार्यालय ताब्यात घेतलं. १५ जानेवारी १९९० रोजी बर्लिनच्या मुख्यालयात लोक घुसले. म्हणून शंभर किलोमीटरहून अधिक लांबीचे कागद आज शाबूत आहेत, शिवाय फाडलेल्या तुकड्यांची हजारो पोती. परदेशी हेरगिरी करणाऱ्या विभागाला मात्र आपले कागद स्वतःच निकालात काढू दिले गेले, आणि ते बहुतांशी नष्ट झाले. दक्षिण आफ्रिकेत वाटाघाटी चालू असतानाच, १९९३ मध्ये, राष्ट्रीय गुप्तचर यंत्रणेनं सहा-आठ महिन्यांत ४४ टन दस्तऐवज नष्ट केले.

चाडचं उदाहरण उलट्या बाजूचं. तिथला हुकूमशहा हिसेन हाब्रे १९९० मध्ये पळाला. त्याच्या राजकीय पोलिसांची हजारो कागदपत्रं एका ओसाड इमारतीत जमिनीवर तशीच पडून होती. ती २००१ मध्ये मानवाधिकार कार्यकर्त्यांच्या हाती लागली. कोठडीत मेलेल्या १,२०८ जणांची नावं त्यांतून निघाली आणि पंधरा वर्षांनी हाब्रेला जन्मठेप होण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

कागदांइतकंच महत्त्वाचं म्हणजे दफनभूमी. घाईनं, फावड्यांनी, नातेवाइकांच्या आग्रहाखातर कबरी उकरल्या की हाडं मिसळतात आणि ओळख कायमची हरवते. अर्जेंटिनात सुरुवातीला हेच झालं. त्यातूनच १९८४ मध्ये तरुण मानवशास्त्रज्ञांचं न्यायवैद्यक पथक उभं राहिलं. पुढे जगभर बोलावलं गेलं ते हेच पथक.

४. सत्यशोधन आयोग शिक्षा देतो का?

नाही. आयोग साक्षी घेतो, कागद तपासतो, काय घडलं ते लिहून काढतो आणि शिफारशी करतो. अर्जेंटिनाच्या आयोगानं १९८४ मध्ये ८,९६० बेपत्ता व्यक्तींची नोंद केली आणि ३४० गुप्त छळछावण्या शोधल्या. हा आकडा शेवटचा नाही. तिथल्या मानवाधिकार संघटना ३०,००० धरतात. आयोगाच्या यादीत फक्त सिद्ध करता आलेली प्रकरणं असतात, हे आकड्यांवरून वाद घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आयोग जाहीर झाला की त्याच्या कार्यकक्षेचा कागद आधी वाचा. चिलीच्या पहिल्या आयोगाला मृत्यू आणि बेपत्ता होणं एवढंच पाहायचं होतं. त्याच्या १९९१ च्या अहवालात २,२७९ बळी आहेत. छळातून जिवंत सुटलेले त्यात बसतच नव्हते. त्यांच्यासाठी दुसरा आयोग यायला २००३ उजाडलं आणि त्यानं २७,०००हून अधिक माणसांची नोंद केली.

५. अहवालात गुन्हेगारांची नावं का नसतात? लपवाछपवी वाटते.

आयोगासमोर आरोपीला वकील नसतो, उलटतपासणी नसते. सुनावणीशिवाय एखाद्याला खुनी ठरवणं हे जुन्या राजवटीचंच काम झालं, असं चिलीच्या आयोगाचं म्हणणं होतं. त्यांनी नावं न्यायालयाकडे दिली, छापली नाहीत. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. न्यायालय चालत असेल तर नावं तिकडे देण्यात अर्थ आहे. चालतच नसेल तर ती कुठेच पोहोचत नाहीत.

एल साल्वाडोरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं याच कारणानं नावं छापली. अहवाल १५ मार्च १९९३ रोजी आला. पाच दिवसांनी तिथल्या संसदेनं सरसकट माफीचा कायदा मंजूर केला.

६. दक्षिण आफ्रिकेत सगळ्यांना माफ करून टाकलं, हे खरं ना?

खोटं, आणि हा गैरसमज सर्वांत चिवट आहे.

वर्णभेदी राजवट गेल्यावर तिथे सत्यशोधन आयोग नेमला गेला, पण सरसकट माफी नव्हती. प्रत्येकानं स्वतंत्र अर्ज करायचा, कृत्य १ मार्च १९६० ते १० मे १९९४ या काळातलं असलं पाहिजे, त्यामागे राजकीय उद्देश असला पाहिजे आणि सगळं खरं सांगितलं पाहिजे. पश्चात्ताप व्यक्त करण्याची अट मात्र नव्हती; हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो. एकूण ७,११२ अर्ज आले आणि ८४९ जणांना माफी मिळाली. फेटाळलेल्यांत तुरुंगातून सुटायची वाट शोधणारे साधे गुन्हेगार पुष्कळ होते, पण वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कोठडीतल्या मृत्यूशी संबंधित पोलीसही होते.

खरी गोम पुढे आहे. माफी न घेणाऱ्यांवर खटला, हे त्या सौद्याचं दुसरं कलम होतं. आयोगानं तीनशेच्या वर प्रकरणं सरकारी वकिलांकडे सोपवली, आणि त्यातली बहुतेक धूळ खात पडली. बिको प्रकरणातल्या पोलिसांवर खटला भरणार नाही असं २००३ मध्ये जाहीर झालं. वर्णभेदविरोधी कार्यकर्ते अहमद टिमोल १९७१ मध्ये जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून खाली पडून मेले. १९७२ च्या चौकशीनं आत्महत्या म्हटलं. कुटुंबानं पाठपुरावा करून चौकशी पुन्हा उघडायला लावली आणि २०१७ मध्ये न्यायाधीशांनी तो खून ठरवला. एका माजी पोलिसावर आरोप ठेवला गेला, पण खटला उभा राहण्याआधीच तो वारला. हे खटले कोणी आणि का अडवले, याचीच चौकशी करायला २०२५ मध्ये आयोग नेमावा लागला.

तेव्हा दोष ‘क्षमाशीलते’चा नाही. सौद्याचं एक कलम पाळलं आणि दुसरं पाळलं नाही.

७. माफीचा कायदा एकदा झाला की विषय कायमचा संपतो का?

संपलाय असं तो करणाऱ्यांना वाटतं. तीन वाटांनी तो पुन्हा उघडला आहे.

पहिली वाट म्हणजे कायद्यात राहिलेली फट. अर्जेंटिनाच्या माफी कायद्यांनी बाळं चोरण्याचा गुन्हा वगळला होता. कैदेत बाळंत झालेल्या स्त्रियांना मारून त्यांची मुलं लष्कराशी जवळीक असलेल्या घरांत वाढवली गेली होती. १९७७ पासून ‘प्लासा दे मायोच्या आज्या’ ही त्या मुलांच्या आज्यांची संघटना या नातवंडांना शोधत होती. १९८७ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय जनुकीय पेढी स्थापन झाली आणि आजवर १३०हून अधिक नातवंडं सापडली आहेत. माफी मिळालेल्या व्हिडेलाला १९९८ मध्ये पुन्हा अटक झाली ती या गुन्ह्यासाठी.

दुसरी वाट न्यायालयाच्या नव्या अर्थाची. चिलीचा १९७८ चा माफी कायदा १० मार्च १९७८ पर्यंतच्या गुन्ह्यांना लागू होता. न्यायाधीशांनी विचारलं, प्रेत कुठे आहे? ते नसेल तर खून सिद्ध नाही, अपहरण आहे, आणि सुटका झाल्याचा पुरावा नाही तोवर अपहरण चालूच आहे. म्हणजे १९७८ नंतरही. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये हा अर्थ उचलून धरला. गुप्त पोलिसांचा प्रमुख मानुएल कोन्त्रेरास २०१५ मध्ये मेला तेव्हा त्याच्या नावावर पाचशेहून अधिक वर्षांच्या शिक्षा जमल्या होत्या.

तिसरी वाट आंतरराष्ट्रीय. १९९१ मध्ये पेरूची राजधानी लिमा इथल्या बार्रिओस आल्तोस भागात १५ जणांना ठार मारलं गेलं. त्या प्रकरणात आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयानं २००१ मध्ये सांगितलं की असे गंभीर गुन्हे झाकणारे माफी कायदे मुळात निष्प्रभ आहेत. अर्जेंटिनाच्या संसदेनं २००३ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये आपले कायदे मोडीत काढले. एल साल्वाडोरचा कायदा २०१६ मध्ये गेला. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयानं मात्र २०१० मध्ये १९७९ चा कायदा कायम ठेवला. तेव्हा हे सगळीकडे आपोआप घडतं असं नाही.

८. आणि जनतेनंच मतदान करून माफी दिली तर? लोकशाहीत त्याहून मोठं काय?

उरुग्वेत हेच झालं, तेही दोनदा. १९८६ चा माफी कायदा रद्द करायचा का, यावर १९८९ मध्ये सार्वमत झालं, कायदा टिकला. २००९ मध्ये पुन्हा विचारलं गेलं; रद्द करणाऱ्यांना निम्मी मतं गाठता आली नाहीत. २०११ मध्ये आंतर-अमेरिकी न्यायालयानं निकाल दिला की दुसऱ्याच्या मूलभूत हक्कांवर बहुमत पाणी सोडू शकत नाही, आणि त्याच वर्षी संसदेनं सरकारचा खटले भरण्याचा अधिकार परत आणला.

मला न्यायालयाचं म्हणणं पटतं. ज्याचा मुलगा बेपत्ता नाही त्यानं माफीला मत देणं फार स्वस्त असतं. पण दोन सार्वमतं हरल्यावर बाहेरच्या न्यायालयाकडून जिंकलेल्या लढाईला गावोगावी पाठिंबा मिळत नाही, हेही खरं.

९. त्या वेळी कायद्यानं परवानगी होती. मग आज तो गुन्हा कसा? आणि हुकूम पाळणाऱ्या शिपायाला धरायचं का?

बर्लिनच्या भिंतीवरून पळणाऱ्यांवर गोळ्या झाडणारे सीमारक्षक नेमकं हेच म्हणाले. जर्मन न्यायालयांचं उत्तर दुपदरी होतं. एक, नि:शस्त्र माणसाला केवळ सीमा ओलांडतो म्हणून मारणं इतकं उघड अन्यायाचं आहे की कोणताही नियम त्याला झाकू शकत नाही. दोन, पूर्व जर्मनीच्या स्वतःच्या संविधानात आणि तिनं स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय करारात जगण्याचा हक्क होताच. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं २००१ मध्ये हे मान्य केलं. शिक्षेत फरक केला गेला: शिपायांपैकी बहुतेकांना स्थगित शिक्षा, तर सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचे शेवटचे सरचिटणीस एगोन क्रेन्झ यांना साडेसहा वर्षं. गुन्हा दोघांचाही मानला, पण वजन हुकूम देणाऱ्याकडे ठेवलं. हे प्रमाण मला योग्य वाटतं.

हंगेरीनं उलट निर्णय घेतला. जुन्या राजकीय गुन्ह्यांची संपलेली मुदत नव्यानं सुरू करणारा कायदा तिथल्या संविधान न्यायालयानं १९९२ मध्ये फेटाळला. कायद्याच्या राज्याची सुरुवात कायदा वाकवून करता येणार नाही, हे त्यामागचं कारण.

१०. जुन्या राजवटीच्या सगळ्या नोकरांना घरी बसवावं का? निदान खबऱ्यांची यादी तरी जाहीर करावी.

सगळ्यांना काढलं तर दवाखाना आणि पाणीपुरवठा चालवणार कोण, हा पहिला प्रश्न. चेकोस्लोव्हाकियानं ऑक्टोबर १९९१ मध्ये पदांची यादी केली आणि जुन्या गुप्त पोलिसांशी संबंध असलेल्यांना त्या पदांवर बंदी घातली. हा कायदा पाच वर्षांसाठी होता; चेक प्रजासत्ताकात तो पुढे वाढतच गेला.

अडचण फायलींची. त्या लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला वरिष्ठांना खबरे दाखवायचे असत. त्यामुळे कुणाशी चहा घेतला तरी नोंद होई, आणि पट्टीचे खबरे पक्षाच्या आश्रयामुळे नोंदीबाहेर राहत. १९९२ मध्ये तिथे एका नियतकालिकानं कच्ची यादी छापून टाकली आणि नाव आलेल्यांवर निर्दोषत्व सिद्ध करत फिरायची वेळ आली.

जर्मनीची पद्धत जास्त शहाणी वाटते. जानेवारी १९९२ पासून कुणालाही स्वतःची फाईल वाचता येते. इतर पीडितांची नावं झाकलेली असतात, पण आपल्यावर नजर ठेवणाऱ्या खबऱ्याचं खरं नाव मागता येतं. यादी चौकात टांगायची नाही. ज्याचं आयुष्य नासवलं त्याला कळलं पाहिजे.

११. भरपाई घेतली म्हणजे पैशांवर तोंड बंद केलं, असं नाही का होत?

अर्जेंटिनात बेपत्ता मुलांच्या आयांच्या ‘प्लासा दे मायोच्या आया’ या संघटनेत यावरून खरोखर फूट पडली. १९८६ मध्ये संघटना दुभंगली. एका गटानं भरपाई आणि कबरी उकरणं दोन्ही नाकारलं. मुलं जिवंत नेली होती, जिवंतच परत द्या, ही त्यांची मागणी. दुसऱ्या गटातल्या आयांनी अवशेष आणि पैसे दोन्ही स्वीकारले आणि खटलेही लढवले. कोण बरोबर, हे ठरवायचा हक्क बाहेरच्या कुणाला नाही.

नियम म्हणून मात्र एवढं पाहावं: पैसे घेताना ‘यापुढे दावा करणार नाही’ असं लिहून घेतलं जातंय का? घेतलं जात असेल तर तो सौदा आहे, भरपाई नव्हे. आणि रक्कम व वेळ दोन्हींत अपमान होऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेच्या आयोगानं सहा वर्षं वार्षिक मदत सुचवली होती; सरकारनं २००३ मध्ये एकरकमी ३०,००० रँड देऊन विषय मिटवला.

१२. बेपत्ता माणसाला मृत जाहीर केल्याशिवाय घर, बँक खातं, पुनर्विवाह काहीच होत नाही. मग नातेवाईक त्याला विरोध का करतात?

मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलं जात नाही आणि मारणारा सुटतो, म्हणून. शिवाय आईला स्वतःच्या सहीनं मुलाला मेलेला ठरवावं लागतं. अर्जेंटिनानं १९९४ मध्ये यावर चांगला तोडगा काढला: ‘सक्तीनं बेपत्ता केल्यामुळे अनुपस्थित’ असा वेगळा कायदेशीर दर्जा. वारसाहक्काचे आणि लग्नाचे व्यवहार होतात, आणि राज्यानं काय केलं तेही दस्तावर राहतं.

१३. बंडखोरांनीही माणसं मारली. मग फक्त सरकारलाच का धरायचं?

फक्त सरकारला धरू नये. पेरूच्या आयोगानं २००३ मध्ये मृतांचा अंदाज ६९,२८० दिला आणि नोंदलेल्या मृत्यूंपैकी ५४ टक्क्यांची जबाबदारी ‘शायनिंग पाथ’ या बंडखोर संघटनेवर टाकली. दर चार बळींपैकी तिघांची मातृभाषा केचुआ किंवा दुसरी मूळनिवासी भाषा होती, हेही त्याच अहवालात आहे. राजधानीला ते मरण इतकी वर्षं का दिसलं नाही याचं उत्तर त्यात मिळतं. दक्षिण आफ्रिकेच्या आयोगानं वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या छावण्यांतल्या छळावरही बोट ठेवलं, तेव्हा आता सत्तेत आलेला तोच पक्ष अहवाल थांबवायला न्यायालयात गेला. तो हरला.

पण दोन्ही बाजूंची नोंद करणं आणि दोन्ही गुन्हे सारखे मानणं यात फरक आहे. बंडखोरानं मारलं तर निदान तक्रार करायला पोलीस ठाणं असतं. राज्यानं मारलं तर तेही राहत नाही.

१४. आरोपी ऐंशीचा, आजारी किंवा परदेशात पळालेला असेल तर काय उपयोग?

परदेश ही आता पूर्वीइतकी सुरक्षित जागा नाही. पिनोशे यांना १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लंडनमध्ये स्पॅनिश न्यायाधीशाच्या वॉरंटवर अटक झाली; हाब्रेला शिक्षा सेनेगलमध्ये झाली (प्रश्न ३). पिनोशे प्रकृतीच्या कारणावरून सुटून मायदेशी गेले आणि २००६ मध्ये दोषी न ठरताच वारले, पण अटकेनंतर चिलीतल्या न्यायाधीशांची भीड चेपली ती कायमची. वयाबद्दल म्हणाल तर शिक्षा घरात भोगू देता येते. निकालच टाळण्यासाठी वय हे कारण पुरेसं नाही. दक्षिण कोरियात माजी लष्करी हुकूमशहा चुन डू-ह्वान यांना १९९६ मध्ये फाशी सुनावली गेली, ती जन्मठेपेवर आली आणि १९९७ मध्ये माफीही मिळाली. निकाल मात्र उरला.

१५. स्पेननं सगळं विसरायचं ठरवलं आणि लोकशाही उत्तम टिकली. मग हा खटाटोप कशाला?

हा सर्वांत चांगला आक्षेप आहे. ऑक्टोबर १९७७ च्या माफी कायद्याची मागणी मुळात डाव्यांनी आपल्या कैद्यांसाठी केली होती. त्यातच हुकूमशहा फ्रँकोच्या अधिकाऱ्यांनाही संरक्षण मिळालं. यादवीची आठवण ताजी होती आणि तो सौदा तेव्हा शांतता राखून गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण ‘विसरले’ हे खरं नाही. २००० पासून नातवंडांनी रस्त्याकडेच्या सामुदायिक कबरी स्वखर्चानं उकरायला घेतल्या. २००७ मध्ये एक कायदा आला, २०१९ मध्ये फ्रँकोचं शव भव्य स्मारकातून हलवलं गेलं, २०२२ च्या कायद्यानं बेपत्तांचा शोध ही राज्याची जबाबदारी ठरवली. तोवर साक्षीदार मेले होते आणि मारणारेही. पिनोशेला पकडणाऱ्या देशातल्या पीडितांना २०१० मध्ये दाद मागायला बुएनोस आयरेसच्या न्यायालयात जावं लागलं.

१६. आमच्याकडे अजून काहीच बदललेलं नाही. न्यायालयं तक्रार घेत नाहीत. आत्ता काय करता येईल?

तरीही तक्रार करा आणि फेटाळल्याची प्रत जपा. तारीख, वेळ, गाडीचं वर्णन, गणवेश, पाहणाऱ्याचं नाव हे सगळं त्याच दिवशी लिहा. एक प्रत घराबाहेर, शक्य तर देशाबाहेर ठेवा. फोटोत दात दिसत असतील तर तो फोटो वेगळा काढा. दातांवर उपचार झाले असतील तर त्या दंतवैद्याचे कागद मिळवा. जवळच्या नातेवाइकांचे रक्ताचे नमुनेही पुढे लागतात.

चिलीच्या राजधानीत, सान्तियागोत, १९७६ मध्ये कॅथलिक चर्चनं उघडलेल्या मदत कार्यालयानं पिनोशेच्या काळात हजारो हेबियस कॉर्पस अर्ज (अटक केलेल्या माणसाला न्यायालयासमोर हजर करा, अशी मागणी) लिहून दिले. न्यायालयांनी जवळजवळ सगळे फेटाळले. प्रत्येकाची प्रत त्या कार्यालयात लावून ठेवली जात होती. १९९० मध्ये आयोग कामाला लागला तेव्हा त्याच्या तपासाचा मोठा आधार याच फायली होत्या.